थेम्सकाठचं कुकम: देखण्या गावाची भांडणं

काठावरची

भारतातून येणारे पाहुणे लंडन आय आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट उरकले की हमखास एक फर्माईश करतात: "आता एखादं अस्सल इंग्लिश खेडं दाखव." त्यांच्या मनातलं चित्र ठरलेलं असतं. जुनी विटांची घरं, चर्च, नदी, त्यात हंस. मी मेडनहेडला राहते, त्यामुळे मला फार डोकं चालवावं लागत नाही. तीनेक मैलांवर कुकम आहे. नेलं, हाय स्ट्रीटवर चक्कर मारली, पुलावर फोटो काढले, चहा पाजला, की पाहुणे खूश.

पण दरवेळी तिथे गेल्यावर मला वाटतं, की हे गाव या फोटोंमुळे उगाच गोडगोड वाटतं. खरं तर ते महाभांडकुदळ आहे. जमीन कुणाची, नदी कुणाची, पूल ओलांडायचे पैसे कुणाला, पाण्यातला पक्षी कुणाचा, यावर इथे तेराशे वर्षं वाद चाललेत आणि आज जे दिसतं ते बरंचसं या वादांमधून उरलेलं आहे. त्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं.

आधी भूगोल. गावाचे तीन तुकडे. नदीकाठचं जुनं ते कुकम व्हिलेज. १८५४ मध्ये रेल्वे आली, तेव्हापासून स्टेशनाभोवती वाढत गेलं ते कुकम राईज. आणि टेकडीवरचं कुकम डीन. जुनं गाव आणि स्टेशन यांच्या मध्ये कुकम मूर नावाचं मोठं गवताळ मैदान. थेम्स इथे सीमारेषा आहे: अलीकडे बर्कशर, पलीकडे बकिंगहॅमशर. ही सीमा आजची नाही. इंग्लंड नावाचा एक देश व्हायच्या आधी उत्तरेला मर्सियाचं राज्य आणि दक्षिणेला वेसेक्सचं, आणि त्यांची ओढाताण याच पट्ट्यात. त्यामुळे काठावरचं ठिकाण ज्याच्या हातात, तो वरचढ.

आता पहिलं भांडण. आठव्या शतकात इथे एक मठ होता. मर्सियाचा राजा इथेलबाल्ड याने तो कँटरबरीच्या चर्चला दान केला. दान कसं? आर्चबिशप कथबर्टच्या हाती त्या जमिनीतलं गवतासकट एक मातीचं ढेकूळ आणि सगळी कागदपत्रं पाठवली आणि ती कँटरबरीच्या वेदीवर ठेवायला सांगितली. ढेकूळ वेदीवर, म्हणजे जमीन देवाची. पक्कं काम.

पण कथबर्ट वारला आणि त्याच्याच दोन शिष्यांनी ती कागदपत्रं चोरली आणि नेऊन दिली वेसेक्सचा राजा कायनेवुल्फ याला. म्हणजे मठ वेसेक्सकडे गेला. पुढे मर्सियाचा ऑफा बलाढ्य झाला, त्याने लढून हा मुलूख घेतला आणि मठही घेतला. कागद त्याच्याकडे नव्हतेच, तलवार होती. तिकडे कायनेवुल्फला उपरती झाली आणि त्याने कागद कँटरबरीला परत केले, वर पैसेही दिले. पण ताबा ऑफाकडे तो ऑफाकडेच. ऑफा ७९६ मध्ये मेला, त्याची विधवा सिनेथ्रिथ या मठाची प्रमुख झाली. अखेर ७९८ मध्ये धर्मसभेत आर्चबिशप इथेलहार्डने जुने कागद सगळ्यांसमोर वाचायला लावले. सिनेथ्रिथने ताबा सोडला नाही, पण बदल्यात केंटमधल्या जमिनी कँटरबरीला दिल्या आणि प्रकरण मिटलं.

ही बाई साधी नव्हती. अँग्लो-सॅक्सन काळात स्वतःच्या चेहऱ्याची नाणी असलेली ती एकमेव राणी. तिचा मठ नेमका कुठे होता, याचा शतकानुशतकं फक्त अंदाज होता. २०२१ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या लोकांनी होली ट्रिनिटी चर्चच्या शेजारच्या मोकळ्या जागेत खणलं, तेव्हा लाकडी इमारतींच्या खुणा, मडक्यांचे तुकडे, एक नाजूक ब्राँझचं कडं असं सापडलं. आजचं चर्च बाराव्या शतकापासूनचं. म्हणजे सिनेथ्रिथच्या मठाच्या अगदी कुशीतच ते उभं राहिलं.

दुसरी एक गंमत हाय स्ट्रीटच्या तोंडाशी आहे. टॅरी स्टोन नावाचा एक मोठा धोंडा. कोरलेलंही काही नाही, नुसता खडबडीत दगड. १५०७ च्याही आधीपासून या दगडापाशी गावाचे खेळ होत असत. एकोणिसाव्या शतकात तो उचलून एका बड्या घराच्या बागेत नेऊन ठेवला आणि १९०९ मध्ये गावाने तो परत आणला. दगडावरूनसुद्धा भांडण!

तूर्त एवढंच. पूल, हंस आणि चित्रकार प्रतिसादांत घेऊ.

पेठेतला_पाहुणा

म्हणजे कागद एकाचे, चोरले दुसऱ्याने, कब्जा तिसऱ्याचा आणि तडजोड चौथीशी. आमच्या मुळशीच्या जमिनीचा सातबारा यापेक्षा सरळ आहे, हे वाचून जरा धीर आला.

छान धागा. ते ढेकूळ फार आवडलं.

सांगलीकर_७७

ताई, नदी इतकी चिकटून म्हणताय, मग पुराचं काय? पाणी चढलं की गाव उठवतात का? आणि मठ, चर्च बांधणाऱ्यांनी जागा बघून बांधलं होतं का नुसतंच नदी पवित्र म्हणून?

काठावरची

सांगलीकर, तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारणार हे आयडी बघूनच कळलं.

जागा बघूनच बांधलं होतं. चर्च आणि हाय स्ट्रीट किंचित उंचावर आहेत, वाळू-खडीच्या थरावर. नुसत्या डोळ्यांना ती उंची कळतसुद्धा नाही, पण पूर आला की कळते. पाणी आधी मूरवर शिरतं. म्हणून मूरच्या कडेने पायी जायला एक उंच बांध केलेला आहे. एरवी तुम्ही त्यावरून चालताना विचार करता, सपाट मैदानात हा कट्टा कशाला? जानेवारीत एकदा जाऊन बघा, मग कळतं. दोन्ही बाजूंना पाणी, मधून लोक कुत्री फिरवायला निघालेले.

थेम्सचा पूर आपल्या कृष्णेसारखा एका रात्रीत चढत नाही. पाऊस पडतो कुठे वर ग्लॉस्टरशर-ऑक्सफर्डशरमध्ये, पाणी हळूहळू खाली येतं, दिवसेंदिवस चढत राहतं. पण एकदा आलं की जातही नाही. शिवाय जमिनीखाली खडी असल्यामुळे दाराशी वाळूच्या पोती रचल्या तरी पाणी फरशीतून वर येतं. २०१३-१४ चा हिवाळा इंग्लंड-वेल्समध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा, म्हणजे १७६६ पासूनचा, सगळ्यात ओला हिवाळा होता. त्या फेब्रुवारीत मूरवरचा रस्ता पाण्याखाली गेला आणि जुनं गाव स्टेशनाकडून तुटलं. त्याआधीचा मोठा पूर मार्च १९४७ चा. कडाक्याच्या हिवाळ्याचा सगळा बर्फ एकदम वितळला होता आणि वर पाऊस.

२००२ मध्ये ज्युबिली रिव्हर नावाचा साडेअकरा किलोमीटरचा कालवा सुरू झाला, नदीचं जादा पाणी बाजूने वळवायला. त्याने मेडनहेड, विंडसर, ईटन वाचतात. पण त्याचं तोंड कुकमच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे कुकमच्या पदरात त्यातलं फारसं काही पडत नाही. यावर इथे चहाच्या दुकानात बसून तास-तास बोलणारी म्हातारी माणसं मी ऐकली आहेत.

आणि यातच माझा मुद्दा आहे. मूरवर कुणी घरं बांधली नाहीत, त्याला कारण निसर्गप्रेम नाही. एक तर ती पुराची जमीन, दुसरं म्हणजे ती गावकऱ्यांच्या चराईची सामाईक जमीन. १९३४ मध्ये लोकांनी वर्गणी काढून आसपासच्या अशा सामाईक जमिनींचे जमीनदारी हक्क विकत घेतले आणि नॅशनल ट्रस्टला दिले. लंडन पसरत पसरत मेडनहेडपर्यंत आलं आणि मूरच्या कडेला थांबलं, ते यामुळे.

सांगलीकर_७७

खडीतून पाणी फरशीवर येतं हे वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद, सविस्तर लिहिलंत.

तैलरंग

कुकमवर धागा आणि अजून स्टॅन्ली स्पेन्सर नाही? मग मीच सुरू करतो, काठावरची, तुम्ही भर घाला.

स्पेन्सर १८९१ मध्ये याच हाय स्ट्रीटवरच्या फर्नली नावाच्या घरात जन्मला. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकायला गेला, पण रोज संध्याकाळच्या गाडीने घरी. बाकीची मुलं त्याला नावाने हाकच मारत नसत, त्याला म्हणत "कुकम". बायबलमध्ये जे जे घडलं ते सगळं आपल्या गल्लीतच घडलं, असं या माणसाला मनापासून वाटे. नुसतं वाटे असं नाही, त्याने ते रंगवून ठेवलंय.

थेम्सवर दरवर्षी हंसांची मोजणी होते, तिच्यावरचं त्याचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कल्पना सुचली चर्चमध्ये बसल्या बसल्या, बाहेरून नदीवर जाणाऱ्या लोकांचे आवाज येत होते म्हणे. पुलाखालच्या बोटीच्या धक्क्यावर माणसं पिशवीत बांधलेले हंस खांद्यावरून नेतायत, बायका नावेतल्या गाद्या उचलून नेतायत. १९१५ मध्ये चित्र सुरू केलं, वरचा भाग झाला, आणि हा लष्करी वैद्यकीय दलात भरती झाला. आधी ब्रिस्टलचं इस्पितळ, मग मॅसेडोनियाची आघाडी. चित्र घरी झोपायच्या खोलीत तसंच. १९१८ च्या सप्टेंबरात त्याचा भाऊ सिडनी युद्धात मारला गेला. हा परत आला आणि १९१९ मध्ये खालचा भाग पूर्ण केला. टेटमध्ये त्या चित्रासमोर उभं राहिलात तर आधी वर पूल आणि पाणी बघा, मग खाली या. मला तरी खालचा भाग वेगळ्या माणसाने काढल्यासारखा वाटतो. पाणी काळपट, जड आहे.

दुसरं मोठं चित्र म्हणजे कुकमच्या चर्चच्या आवारातलं पुनरुत्थान, १९२४ ते २७. जवळजवळ अठरा फूट रुंद. थडगी उघडतायत आणि गावातली मेलेली माणसं आरामात बाहेर येतायत. कुणाला घाई नाही, कुणाला भीती नाही. एक बाई नवऱ्याच्या कोटावरची धूळ झटकते. वर डाव्या कोपऱ्यात थेम्स आणि त्यावर सहलीची आगबोट, तीच यांना स्वर्गात नेणार! आणि गंमत म्हणजे हे चित्र त्याने कुकममध्ये नाही, लंडनला हॅम्पस्टेडमध्ये एका पबच्या माडीवर बसून काढलं.

काठावरची

तैलरंग, सुरेख. मी मुद्दामच थांबले होते, कारण स्पेन्सर एकदा सुरू झाला की बाकीचं गाव बाजूला पडतं.

त्या पुनरुत्थानात त्याची बायको हिल्डा एकदा नाही, अनेकदा आहे. एका थडग्यावर आयव्हीच्या वेलीत पहुडलेली, एकीकडे फूल हुंगणारी, एकीकडे कुंपण ओलांडणारी. इतकं प्रेम. आणि पुढे काय झालं? मूरच्या कडेच्या एका झोपडीवजा घरात पॅट्रिशिया प्रीस ही चित्रकार तिची मैत्रीण डोरोथी हेपवर्थबरोबर राहत होती. स्पेन्सर तिच्या नादी लागला. १९३७ मध्ये हिल्डाशी घटस्फोट झाला आणि चारच दिवसांत पॅट्रिशियाशी लग्न. ती मधुचंद्राला गेली डोरोथीबरोबर. याच्या राहत्या घराची मालकी त्याने पॅट्रिशियाच्या नावावर करून दिली होती, तिने ते भाड्याने दिलं आणि हा बाहेर. हिल्डा १९५० मध्ये वारली, तरी तो तिला पत्रं लिहीतच राहिला. गावाने हे सगळं खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं असणार, दुसरं काय.

शेवटची वर्षं तो परत गावातच होता. एक जुनी बाबागाडी होती, त्यात इझल, रंग, छत्री टाकून तो रस्त्याने ढकलत निघायचा. चर्चच्या आवारात चित्र काढायला बसला की शेजारी पाटी लावायचा. मजकूर साधारण असा: मिस्टर स्पेन्सरना हे चित्र पूर्ण करायची घाई आहे, तरी पाहुण्यांनी कृपया लक्ष विचलित करू नये. अगदी पुणेरी. ती बाबागाडी आज गावातल्या स्पेन्सर गॅलरीत आहे. गॅलरी म्हणजे पूर्वीचं मेथडिस्ट चॅपेल, लहानपणी तो आईबरोबर तिथेच प्रार्थनेला जायचा. १९६२ मध्ये ते गॅलरी झालं.

तिथे एक अपुरं चित्र आहे, ते बघाच. कुकमच्या नौकाशर्यतीच्या दिवशी ख्रिस्त उपदेश करतोय. वेताच्या खुर्चीत बसून, जुन्या घोडे वाहून नेणाऱ्या होडीतून. कॅनव्हासचा बराच भाग रंगाविना, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा आणि चौकोन. १९५९ च्या जुलैत त्याला सर हा किताब मिळाला आणि डिसेंबरात क्लिव्हडनच्या इस्पितळात तो गेला, चित्र तसंच राहिलं. मला तर त्याची पुरी झालेली चित्रं बघण्यापेक्षा हे बघायला जास्त आवडतं. तो कसा काम करायचा, ते सगळं उघडं पडलंय: एका कोपऱ्यातून सुरुवात करून घट्ट, पूर्ण रंगवत पुढे सरकायचा, आधी सगळीकडे थोडं थोडं असं नाही.

खडूस_काका

चित्रकार ठीक आहे. पण मला या "गोड इंग्लिश खेड्यां"चं कौतुक समजत नाही. तिथल्या एका घराच्या किमतीत आमच्या तालुक्यातली अर्धी वाडी येईल. शेजारी क्लिव्हडन, तिथे अॅस्टर कुटुंबाच्या मेजवान्या, १९६१ मध्ये त्याच बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाशी मंत्री प्रोफ्युमो आणि मॉडेल क्रिस्टीन कीलर यांची गाठ पडली आणि त्या लफड्यापायी दोन वर्षांत त्याने राजीनामा दिला. आणि आता म्हणे हंससुद्धा राजाचे! एकविसाव्या शतकात पक्ष्यांवर मालकी सांगतात हे लोक आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

काठावरची

काका, श्रीमंती मान्य. स्पेन्सरच्या वडिलांसारखा पियानो शिकवणारा माणूस आज हाय स्ट्रीटवर घर घेऊच शकणार नाही. दुकानंही आता पर्यटकांच्या आणि पैसेवाल्यांच्या बेताची.

पण हंसांचं ऐका. खुल्या पाण्यातल्या, खूण नसलेल्या मूक हंसांवर राजाचा हक्क, ही परंपरा मध्ययुगातली, आणि तेव्हा कारण अगदी साधं होतं. हंस मेजवानीत खायचे. महागडं मांस होतं, म्हणून मालकी. पंधराव्या शतकापासून लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांना, एक दारूवाल्यांचा व्हिंटनर्स आणि एक रंगाऱ्यांचा डायर्स, थेम्सवर हंस बाळगायची परवानगी मिळाली. मग पिल्लं कुणाची हे ठरवायला दरवर्षी मोजणी. चोचीवर खाच पाडायचे. डायर्सची एक खाच, व्हिंटनर्सच्या दोन, खाच नाही तो राजाचा. आता खाचा नाहीत, पायात कडी घालतात.

आजही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस हे चालतं, सनबरीपासून वर अॅबिंग्डनपर्यंत. मी काठावर उभं राहून पाहिलंय. वल्ह्यांच्या होड्या, लाल कोट, मोजणीचा प्रमुख जो हंस-मार्कर, त्याच्या टोपीत हंसाचं पीस. पिल्लांसकट कुटुंब दिसलं की कुणीतरी ओरडतो, "ऑल अप!" होड्या हळूहळू घेरा घालतात, जागा आवळत नेतात आणि मग नुसत्या हातांनी पक्षी उचलतात. नर हंस खवळला तर पंखाचा फटका जबर बसतो. पाय मागे घेऊन मऊ नाडीने बांधतात, म्हणजे तो धडपडून स्वतःला इजा करत नाही. काठावर आणून पिल्लांना वजनकाट्यात ठेवतात, चोच तपासतात, गळाचा हूक किंवा दोरा अडकलाय का बघतात, कडी घालतात आणि सगळं कुटुंब एकत्रच पाण्यात सोडतात. आजूबाजूला शाळेची पोरं उकिडवी बसून बघत असतात, त्यांना पिल्लाला हातही लावू देतात. करड्या पिसांचा गोळा, आणि पाय मात्र केवढे!

आता कुणी हंस खात नाही. ती मोजणी आहे, आणि तिचा उपयोग आहे. पूर्वी मासे धरणाऱ्यांच्या गळाला शिशाची वजनं असत, ती गिळून हंस विषबाधेने मरायचे, संख्या घसरली होती. १९८७ मध्ये शिशाच्या वजनांवर बंदी आली. दरवर्षीचे आकडे असल्यामुळेच पुढे काय फरक पडला ते दिसलं. २०२० मध्ये कोविडमुळे मोजणी झाली नाही आणि २०१२ मध्ये नदी फुगल्यामुळे अर्धी-मुर्धीच झाली.

कुकमचा संबंध थेट आहे. पुलाशेजारचा टर्क घराण्याचा बोटीचा कारखाना, स्पेन्सरच्या चित्रात आहे तोच. त्या घरातले जॉन टर्क १९९३ पर्यंत राणीच्या हंसांचे रखवालदार होते.

आणि आता तो पूलच. १८४० चा लाकडी पूल मोडकळीला आला म्हणून १८६७ मध्ये लोखंडी बांधला, तोच आजचा निळा. पूल खाजगी, ओलांडायचे पैसे. १९४७ मध्ये बर्कशर काउंटी कौन्सिलने तो घेतला तेव्हा कुठे टोल गेला. अजून एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते, सिग्नलला थांबावं लागतं. काका, तुमच्यासारख्यांनीच टोल बंद करायला लावला असणार.

खडूस_काका

टोलविरोधात मी कुठेही उभा राहीन. हंसांचा मुद्दा अर्धा मान्य. मालकी अजून मान्य नाही.

ओवी

यात एका बाईचं नाव यायलाच हवं. एमिलिया लॅनियर. १६११ मध्ये तिचा कवितांचा संग्रह छापून आला. इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावाने कविता छापणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती. संग्रहाच्या शेवटी कुकमवर दीर्घ कविता आहे. कंबरलंडची काउंटेस मार्गारेट तिथल्या वाड्यात काही काळ राहत होती, एमिलिया तिच्याबरोबर होती. मग ते घर सोडायची वेळ आली. झाडं पानं गाळतात, पक्षी गायचे थांबतात, वेली सुकतात, बायका गेल्या म्हणून अख्खी जागा दुःखी होते. इंग्रजीत जमीनदारांच्या घरांवर कविता लिहायची पद्धत पुढे खूप गाजली, तिचं श्रेय सहसा बेन जॉन्सनला देतात. पण जॉन्सनची कविता छापली गेली १६१६ मध्ये, हिची पाच वर्षं आधी.

काठावरची यांच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर काउंटेस मार्गारेट पुढे मुलीच्या वारसाहक्कासाठी वर्षानुवर्षं लढत होती. म्हणजे कुकमच्या त्या हिरवळीमागेही मालमत्तेचाच तंटा.

काठावरची

ओवी, एक नंबर. हे माझ्या यादीत नव्हतं. सिनेथ्रिथ, लॅनियर, मार्गारेट, हिल्डा... या गावाचा इतिहास बायकांच्या बाजूने कुणीतरी नीट लिहायला हवा.

डोंबिवली_फास्ट_रेडिंग

मी त्या बाजूला नदीकाठाने भरपूर चाललो आहे. दोन गोष्टी.

एक, थेम्सकाठची पायवाट कुकममध्ये थेट चर्चच्या आवारातून जाते. स्पेन्सरच्या अस्थी त्याच आवारात आहेत, वाटेच्या कडेला छोटासा दगड आहे, सहज चुकतो. जाताना पायांकडे बघत चाला.

दुसरं, मुलांना घेऊन जाणार असाल तर टेकडीवर कुकम डीनला जा. चिचुंद्रीसारखा मोल, पाणउंदीर आणि मोटारवेडा बेडूक यांची गोष्ट लिहिणारा केनेथ ग्रॅहम पाच वर्षांचा असताना आई गेली आणि तो इथे आजीकडे आला. घर मोठं, बाग, खाली नदी. नंतर बँक ऑफ इंग्लंडचा सेक्रेटरी झाला आणि १९०६ मध्ये परत कुकम डीनलाच राहायला आला. १९०८ मध्ये ते पुस्तक, 'द विंड इन द विलोज', आलं, मूळ गोष्टी मुलाला झोपवताना सांगितलेल्या. नदीकडे उतरणारं क्वारी वुड हे जंगल म्हणजेच पुस्तकातलं भीतीदायक रान, असं सगळे मानतात. हिवाळ्यात चार वाजता अंधारताना तिथून जा, पटेल. तिथून विंटर हिलवर आलात की खाली नदीचं वळण आणि मार्लो दिसतं.

मैना

थोडं अवांतर, पण याच पट्ट्यातलं आणि भारताशी थेट जोडलेलं. कुकमहून पश्चिमेला, गाडीने तासाच्या आत, स्टोक रो नावाचं गाव आहे. नदीवर नाही, टेकडीवर, आणि म्हणूनच तिथे पाण्याचे हाल. चुनखडीची जमीन, पाऊस पडला की सरळ खाली. तिथल्याच भागातले एडवर्ड रीड कंपनीच्या नोकरीत बनारसकडे होते. त्यांनी १८३१ मध्ये अझमगढला लोकांसाठी विहीर खणून घेतली होती. बोलता बोलता त्यांनी बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना आपल्या मुलखातली गोष्ट सांगितली: एका पोराने घरातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईने त्याला बडवलं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि स्टोक रोला विहीर बांधायला पैसे दिले.

१८६४ मध्ये विहीर सुरू झाली. ३६८ फूट खोल, रुंदी जेमतेम चार फूट, सगळी हाताने खणलेली. वर सोनेरी घुमट आणि त्याखाली रहाटावर सोनेरी हत्ती! ओक आणि बीचच्या झाडांमध्ये तो हत्ती बघून मला हसूच फुटलं. खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावून दिली होती. विहीर खणणाऱ्या माणसाचा विचार करा. चार फुटांच्या भोकात, मेणबत्तीच्या उजेडात, डोक्यावर शंभर मीटर.

खडूस_काका

हे बेस्ट. इंग्लंडला पाणी पाजलं बनारसने. हे शाळेच्या पुस्तकात घाला.

नवी_मी

वाचनखूण साठवली. जुलैत बहीण येते आहे, तिला हंसांची मोजणी दाखवायची आहे. कुठे उभं राहायचं? आणि गाडी नसेल तर?

काठावरची

नवी_मी, गाडी नसलेलीच बरी, जुन्या गावात पार्किंगला जीव जातो. लंडनहून एलिझाबेथ लाईनने मेडनहेड, तिथे मार्लोच्या छोट्या गाडीत बदलायचं. एकेरी रूळ आहे आणि फेऱ्या कमी, परतीची वेळ आधी बघून ठेवा. कुकम स्टेशनला उतरून मूरवरून सरळ चालत गेलात की हाय स्ट्रीट.

मोजणी साधारणपणे दुसऱ्या दिवशी दुपारी कुकमहून जाते. वेळापत्रक आधी जाहीर होतं, पण ते अंदाजे समजा. वाटेत पिल्लं किती भेटतात त्यावर सगळं अवलंबून. पुलावर गर्दी करण्यापेक्षा चर्चच्या मागून नदीकाठी उतरा आणि वरच्या अंगाला चालत राहा, म्हणजे होड्या थांबल्या तर तुम्ही काठावरच असाल. बूट जुने घाला, गवत ओलं असतं आणि हंस जिथे बसतात तिथे काय पडलेलं असतं ते सांगायला नको. गॅलरीच्या वेळा मात्र निघण्याआधी बघा, ती कायम उघडी नसते.

सांगलीकर_७७

आणि पाण्याची पातळी बघूनच निघा म्हणावं.

नवी_मी

जुलैत पण??

काठावरची

२०१२ चा जुलै वर लिहिलाय बघा. छत्री घ्या.